मागावरचे शिक्षण : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

'शिक्षण' हा शब्द उच्चारला की वर्ग, फळा, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा या चार गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. या चारांपैकी एकही नसताना माणसे शिकतात, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. पण ती नेमकी कशी शिकतात, कोणाकडून शिकतात आणि शिकल्यावर त्यांच्या पदरात काय पडते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आपल्या अंगावरचे कापड ज्या हातांनी विणले, त्यांपैकी बहुतेक हात कोणत्याही शाळेत विणकाम शिकलेले नाहीत.

समाजशास्त्राच्या तासाला अनौपचारिक शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा उदाहरणासाठी मला लांब जावे लागले नाही. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग चालवतात. आई जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात कांड्या भरते. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी आईबरोबर दोन महिने कांडी मशीनवर जात होते. त्या वेळी जे पाहिले आणि पुढे ग्रंथालयात जे वाचले, त्यांची सांगड घालण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्रमाग आणि त्याचे काम

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. पुढे गावाचा सगळा संसारच या मागांवर उभा राहिला. ज्यांनी साधा माग जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे आवश्यक आहे.

मागाच्या पाठीमागे उभ्या तारांचा बीम असतो. त्या तारा वहीतून आणि फणीतून ओवून पुढे येतात. आडवा धागा धोट्यातल्या कांडीवर असतो. धोटा या बाजूकडून त्या बाजूकडे फेकला जातो, फणी तो धागा ठोकून बसवते आणि कापड तयार होते. हे मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा घडते. कांडी संपत आली की ती बदलायची, तार तुटली की जोडायची, कापडात दोष दिसला की माग थांबवायचा, असे कामगाराचे काम. एक कामगार चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो.

ऐकायला हे सोपे वाटते. पण साध्या मागाला एक अडचण आहे. उभी तार तुटली तरी तो आपण होऊन थांबत नाही. एक तार नसलेले कापड तो विणतच राहतो. म्हणजे सहा मागांवरच्या हजारो तारांपैकी एक तुटली, हे कामगाराच्या डोळ्याला दिसले पाहिजे. शिवाय मागांच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा ठिकाणी शिकवायचे तरी कसे? व्याख्यान देण्याची सोयच नाही. तरीही दर वर्षी नवी मुले येतात आणि वर्ष-दीड वर्षात माग चालवू लागतात.

कामाची चढती पायरी

नवीन मुलगा कारखान्यात आला की त्याला कोणी मागावर उभे करीत नाही. पहिल्यांदा त्याच्याकडे झाडलोट येते. मागाखाली साठलेला कापसाचा भुसा काढायचा, भरलेल्या कांड्यांची पेटी मागापाशी न्यायची, रिकाम्या कांड्या परत आणायच्या, उतरवलेले कापड घडीच्या टेबलापर्यंत पोचवायचे. ही हमालीच आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण या कामाने मुलगा दिवसभर मागांच्या मधल्या बोळातून फिरतो. कोणत्या मागाला किती वेळात कांडी लागते, कोणता माग वारंवार बंद पडतो, कोण कामगार तार कशी जोडतो, हे तो नकळत पाहत असतो. घडीच्या टेबलापाशी उभा राहिला की तपासनीस कोणत्या दोषावर बोट ठेवतो तेही त्याला कळते.

मग कधीतरी त्याला कांडी बदलायला सांगतात. त्यानंतर तार जोडायला. पुढे कामगार चहाला किंवा जेवायला गेला की दहा-पंधरा मिनिटे दोन मागांवर नजर ठेवायला. त्यानंतर एखादा कामगार गैरहजर असेल त्या पाळीला बदली म्हणून. आणि शेवटी त्याचे स्वतःचे माग.

या क्रमाकडे नीट पाहिले तर त्यात एक सूत्र दिसते. कांडीची पेटी न्यायला चूक झाली तर नुकसान काहीच नाही. कांडी बदलताना चुकले तर दोन बोटे कापड खराब होते. धोटा नीट बसवला नाही तर तो उडून माणसाला लागू शकतो किंवा शेकडो तारा तुटून अर्धी पाळी वाया जाते. म्हणजे ज्या कामात चूक स्वस्त, ते आधी. ज्या कामात चूक महाग, ते शेवटी. हा अभ्यासक्रम कोणी लिहिलेला नाही, पण तो आहे.

हेच सूत्र फार दूरच्या देशातही आढळते हे वाचून मला आश्चर्य वाटले. जीन लेव्ह या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात शिंप्यांचा अभ्यास केला. तेथील शिकाऊ मुलगा आधी बटणे लावणे, काठ दुमडणे अशी शेवटची कामे करतो, त्यानंतर मशीनवर शिवतो आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी शिकतो. कपडा तयार होण्याचा क्रम नेमका उलटा आहे. कारण उघड आहे. बटण चुकले तर उसवता येते, कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. शिवाय तयार कपडा रोज हातात घेतल्यामुळे, तो कसा बेतला असेल याची समज मुलाला आधीच आलेली असते.

लेव्ह आणि एत्येन वेंगर यांनी १९९१ साली 'सिच्युएटेड लर्निंग' या छोट्या पुस्तकात यावरून एक विचार मांडला. नवखा माणूस आधी कामाच्या काठावर उभा असतो. पण तो तेथे परका नसतो. त्याचे तेथे असणे सर्वांनी मान्य केलेले असते. हळूहळू तो काठावरून मध्याकडे सरकतो. हे सरकणे म्हणजेच शिकणे होय, असे त्यांचे म्हणणे. ज्ञान ही एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात ओतायची वस्तू नव्हे, हा त्याचा अर्थ.

हाताला येते, तोंडाला येत नाही

तुटलेली तार जोडण्याची गाठ वेगळी असते. साधी गाठ मारली तर ती जाड होते, फणीत अडकते आणि तार पुन्हा तुटते. विणकराची गाठ बारीक आणि चपटी असते, ती फणीतून सहज निसटते. माझे वडील ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मारतात.

या लेखासाठी मी त्यांना ती गाठ सावकाश, एकेक पायरी सांगत मारून दाखवायला सांगितले. त्यांना ते जमेना. बोटे अडखळू लागली. दोन-तीनदा सूत हातातून सुटले. शेवटी ते म्हणाले, "असं इचारून हुईत न्हाई. डोळं कशाला दिल्यात देवानं? बघ." आणि त्यांनी नेहमीच्या वेगाने गाठ मारली. मी ती पंधरा-वीस वेळा पाहिली, तेव्हा कुठे मला अंगठ्याचे काम उमगले.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने 'द टॅसिट डायमेन्शन' या १९६६ च्या पुस्तकात अशाच ज्ञानाचा विचार केला आहे. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो हे सांगता येत नाही, तसेच हे. म्हणून अशा कामाचे पुस्तक लिहून भागत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी, तो काम करीत असताना, उभे राहण्याची जागा मिळाली पाहिजे.

आवाजाचेही तसेच. बाहेरच्या माणसाला कारखान्यात एकच खडखडाट ऐकू येतो. अनुभवी कामगाराला त्यात सहा वेगवेगळे माग ऐकू येतात. धोट्याला बसणारा फटका ढिला पडला, पट्टा घसरू लागला, की तो पाठमोरा असला तरी वळतो. हा कान कोणी कोणाला दिलेला नाही. पण तो एकट्याने तयार झालेला आहे असेही नाही. जुना कामगार वळला की नवा मुलगाही वळून पाहतो. असे शंभर वेळा झाले की काय ऐकून तो वळला हे मुलाला कळू लागते.

पाळीबदल आणि चहाची टपरी

कारखान्यात बोलता येत नसले तरी कामगार बोलतच नाहीत असे नव्हे. बोलण्याच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली पाळी बदलतानाची. जाणारा कामगार येणाऱ्याला मागाची तब्येत सांगतो : तिसऱ्याचा धोटा घासतोय, पाचव्याच्या डाव्या काठाला तार जास्त तुटते, नवीन बीम कोरडा आहे. रुग्णालयात एक परिचारिका दुसरीला रुग्णांची माहिती देते, तसलाच हा प्रकार. शेजारी उभा असलेला मुलगा हे सगळे ऐकतो.

दुसरी जागा चहाची टपरी. तेथे मागाच्या गोष्टी निघतात. अमक्याचा माग आठ दिवस रोज दुपारी बंद पडे, जॉबरने सगळे उघडून पाहिले, काही सापडेना. शेवटी कळले की दुपारच्या उन्हाचा पट्टा खिडकीतून नेमका त्या बीमवर पडत होता आणि सूत कोरडे होऊन तुटत होते. उन्हाळ्यात हवा कोरडी असली की सुती तार अधिक तुटते हे सर्वांना ठाऊक असते. पण एका खिडकीमुळे एकाच मागाचे तसे होते, हे अशा गोष्टीतूनच लक्षात राहते.

ज्युलियन ऑर या अभ्यासकाने अमेरिकेतील छायाप्रती काढणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांवर 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक लिहिले. ते १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्या तंत्रज्ञांना कंपनीने दुरुस्तीची जाडजूड माहितीपुस्तके दिलेली होती. पण पुस्तकात न बसणारा बिघाड आला की ते एकमेकांना आधीच्या बिघाडांच्या गोष्टी सांगत आणि त्यांतून मार्ग काढीत. न्याहरीच्या आणि जेवणाच्या वेळच्या गप्पा हा त्यांच्या कामाचाच भाग होता. टपरीवर बसलेल्या कामगारांना 'वेळ घालवणारे' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

शिकवतो कोण आणि का?

येथवर वाचून कोणाला वाटेल की कारखाना म्हणजे जणू आदर्श गुरुकुल. तसे ते नाही. मजुरी मीटरवर असते. जो कामगार दुसऱ्याला शिकवत थांबेल, त्याचे कापड तेवढे कमी निघेल आणि आठवड्याच्या पगारात ते दिसेल. मग तो शिकवतो का?

मी पाहिले त्यावरून त्याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे, हाताशी तयार मुलगा असला की जेवणाच्या वेळी माग बंद ठेवावे लागत नाहीत. दुसरे म्हणजे, तो मुलगा बहुधा परका नसतो. भाचा असतो, गावाकडचा असतो, भावकीतला असतो. माझ्या वडिलांना त्यांच्या मामांनी मागावर आणले. वडिलांनी पुढे आपल्या धाकट्या भावाला आणले. म्हणजे हे शिक्षण नात्याच्या आणि गावाच्या वाटेने पुढे जाते. ज्याचा कोणी मामा कारखान्यात नाही, त्याला काठावर उभे राहायलाही जागा मिळत नाही.

शिवाय सर्व ज्ञान सर्वांना मिळत नाही. मागाची जुळणी करणे हे जॉबरचे काम. धोट्याच्या फटक्याची वेळ बसवताना काही जॉबर मुद्दाम पाठ करून उभे राहतात. ते ज्ञान हीच त्यांची भाकरी असते, म्हणून त्यांना नुसता दोष देता येत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत तर जॉबर कामावर देखरेख करी, तसाच कामगारांची भरतीही करी. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाने या पद्धतीवर टीका केली होती. शिकवणारा आणि नोकरी देणारा एकच झाला की शिकणाऱ्याची मान कशी अडकते, हे त्यावरून दिसते.

आणखी एक बाब. चांगल्याबरोबर वाईटही शिकले जाते. माग चालू असताना खाली हात घालणे, नाकातोंडावर फडके न बांधणे, हेही मुले मोठ्यांचे पाहूनच शिकतात. पाहून शिकण्यात निवड करण्याची सोय नसते.

दार कोणासाठी बंद?

लेव्ह आणि वेंगर यांच्या पुस्तकात अमेरिकेतील सुपरमार्केटमधल्या शिकाऊ खाटकांचे उदाहरण आहे. त्यांना मांस गुंडाळण्याच्या यंत्रापाशी उभे केले जाई आणि तेथून अनुभवी कारागिरांचे कापण्याचे टेबल दिसतच नसे. ती मुले कामाच्या ठिकाणी होती, पण शिकण्याच्या ठिकाणी नव्हती.

हे वाचताना मला आई आठवली. तिने एकाच कारखान्यात अकरा वर्षे कांड्या भरल्या. कांडी मशीनपासून माग दहा पावलांवर होते. तिच्या बाबतीत भिंत आड नव्हती. तिला सर्व दिसत होते. तार जोडणे, वहीफणीतून ओवणे, धोटा बसवणे हे ती पाहून शिकली. रात्रपाळीचा कामगार आला नाही तर सकाळपर्यंत दोन माग तिने चालवल्याचे तीन-चार प्रसंग आहेत, आणि कापडात दोष निघाला नाही. पण तिने माग मागितले तेव्हा मालक म्हणाले, "बायकांचं काम न्हवं ते." मजुरी कांडीचीच राहिली. माग चालवणाऱ्याची मजुरी तिच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक होती.

म्हणून केवळ पाहायला मिळणे पुरेसे नाही, असे मला वाटते. काठावर उभे राहण्याची जागा एक आणि मध्याकडे सरकण्याची परवानगी दुसरी. पहिली आईला मिळाली, दुसरी मिळाली नाही. अनौपचारिक शिक्षणाचे गोडवे गाताना या दुसऱ्या गोष्टीची चौकशी केली पाहिजे.

कागदाचा प्रश्न

अशा शिक्षणाला प्रमाणपत्र नसते. जोवर माणूस त्याच गावात, त्याच कारखान्यात आहे, तोवर त्याचे अडत नाही. सर्वांना त्याचा हात ठाऊक असतो. पण गाव सुटले किंवा कारखाना बंद पडला की त्याच्यापाशी दाखवायला काही उरत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर असंख्य कामगारांचे काम कायमचे गेले. वीस-वीस वर्षे साचे चालवलेली माणसे पहारेकरी झाली, भाजी विकू लागली. हातातले कौशल्य गेले नव्हते, पण ते मोजणारा कोणी राहिला नव्हता.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातल्या शिकण्याला विद्यावेतनाची आणि परीक्षेची जोड दिली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता जे शिकले त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. कल्पना चांगली आहे. पण तिचा लाभ घ्यायला अर्ज भरावा लागतो, केंद्र शोधावे लागते आणि एखाद्या पाळीची मजुरी सोडावी लागते. आमच्या बोळातल्या ज्या दहा-बारा घरांत मी विचारले, त्यांपैकी एकाही घरात अशा प्रमाणपत्राची माहिती नव्हती.

नवे माग

आता धोटा नसलेले माग येत आहेत. त्यांवर तार तुटली की माग आपण होऊन थांबतो आणि दिवा लागतो. तार शोधण्याचे डोळ्याचे काम यंत्राने घेतले. कामगाराचे श्रम कमी झाले, धोटा उडून होणारी दुखापत टळली, हे चांगलेच झाले. वडिलांना मात्र आपला कान निरुपयोगी होईल अशी काळजी वाटते.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नवे माग महाग आहेत. त्यांच्यापाशी नवख्याला फिरकू देत नाहीत. कांड्याच नाहीत, त्यामुळे कांड्या पोचवणारा मुलगाही नाही आणि कांड्या भरणारी बाईही नाही. म्हणजे शिडीच्या खालच्या दोन पायऱ्याच निघाल्या. वरच्या पायरीवर थेट चढायचे तर आधी बाहेर कोठेतरी शिकून यावे लागेल. आणि बाहेर शिकायला पैसे आणि वेळ लागतो. ज्यांच्यापाशी या दोन्ही गोष्टी नव्हत्या त्यांना मागाने आजवर शिकवले. पुढे त्यांना कोण शिकवणार, हा प्रश्न यंत्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही विचारात घेतलेला दिसत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कामाच्या ठिकाणचे शिक्षण हे अडाण्यांचे ओबडधोबड शिक्षण नसून त्याला स्वतःचा क्रम आणि पद्धत आहे. दुसरी, ते सर्वांना सारखे खुले नाही. नाते, गाव, जात आणि बाई-पुरुष भेद तेथे पहारा देत असतात. तिसरी, त्याला मान्यता नसल्यामुळे ते शिकलेल्या माणसाचे मोल दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमातही कामाच्या ठिकाणी जाऊन शिकण्याला श्रेयांक आहेत. आपण विद्यार्थी कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत जाणार आहोत. तेथे ज्यांच्या शेजारी उभे राहून आपण शिकू, त्यांना मात्र श्रेयांक नाहीत. निदान अहवालात "अमुक संस्थेत प्रशिक्षण घेतले" एवढेच न लिहिता, कोणते काम कोणाच्या हाताखाली शिकलो, हे त्या माणसाच्या परवानगीने लिहिण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयात पाडता आली तर ती योग्य ठरेल.

आपल्या वर्गात माझ्यासारखीच कितीतरी मुले-मुली आहेत. कोणाचे वडील सायझिंगमध्ये आहेत, कोणाची आई ऊसतोडीला जाते, कोणाचा भाऊ गवंड्याच्या हाताखाली आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या कामाचे शब्द, त्या कामाच्या पायऱ्या आणि ते काम कोणी कोणाला शिकवले याची वंशावळ लिहून काढावी, अशी माझी विनंती आहे. मागाच्या कामाचे चौसष्ट शब्द मी आतापर्यंत आई-वडिलांकडून लिहून घेतले आहेत. त्यांपैकी एकोणीस शब्द मला ग्रंथालयातील एकाही शब्दकोशात सापडले नाहीत. ही वही मराठी विभागाच्या कपाटात ठेवून घ्यावी आणि तिच्यात इतरांना भर घालू द्यावी, अशी विभागातील गुरुजनांना विनंती करून हा लेख पुरा करते.